धावा, पण पाय सांभाळून

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात पोरं-पोरी सकाळी धावताना दिसतात. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर व पोरींना ८०० मीटर धावावं लागतं. पण धावणं केवळ भरतीसाठी नाही. त्यानं दम वाढतो, हृदय बळकट होतं. म्हणून आपण मोठ्यांनीही धावावं. छातीचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

मात्र घाई नको. दम लवकर वाढतो. हाडं आणि सांधे सावकाश बळावतात. एकदम फार धावलं की नडगी, गुडघा दुखू लागतो. आधी नुसतं चालावं. मग थोडं धावावं, थोडं चालावं. एक दिवसाआड पायांना विसावा द्यावा.

पाय मुरगळला तर थांबावं. गार पाण्याची पट्टी ठेवावी. पाय उंचावर ठेवून पडावं. पहिले दोन दिवस शेकू नये, चोळू नये. पायावर भार देताच येत नसेल, तर हाड मोडलेलं असू शकतं. लगेच दवाखाना गाठावा.

आपल्याकडे वाघही आहे. अंधारात, जंगलाच्या वाटेनं, एकट्यानं धावू नये. उजाडल्यावर शाळेच्या मैदानावर चौघांनी मिळून धावावं. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी घरी यावं.

भरती जवळ आली म्हणून दुखणं लपवू नये. भरती पुन्हा निघेल. पाय मात्र आपल्याला जन्मभर पुरवायचे आहेत.