घाटउताराचा भार एवढ्याशा ‘निपल’वर

कोकणात तसेच सातारा-कोल्हापूरच्या डोंगराळ भागात जुन्या जीपगाड्या आजही जिद्दीने धावताना दिसतात. हौशी मालक इंजिनाचे काम करून घेतात, टपावर नवे कापड चढवितात, रंगावर हजारो रुपये खर्चितात. परंतु गाडीखाली वाकून पाहिले तर प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ग्रीसचे निपल असायला हवे तिथे अनेकदा एखादा बोल्ट ठोकलेला आढळतो, अथवा ते छिद्र मातीने बुजून गेलेले असते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, ‘या मापाचे निपल बाजारात मिळत नाही’. या उत्तरात थोडे तथ्य आहे. मात्र त्यावर विसंबून गाडी घाटात घालणे धोक्याचे आहे.

गिअरबॉक्सची शक्ती मागच्या आसापर्यंत पोचविण्याचे काम प्रॉपेलर शाफ्ट करतो. रस्त्यातील खड्ड्यांनुसार आस वरखाली होतो, त्यामुळे शाफ्टचा कोन सतत बदलत राहतो. हा बदल सामावून घेण्यासाठी दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो आणि त्याच्या मध्यभागी अधिकच्या चिन्हासारखा पोलादी क्रॉस. क्रॉसच्या चारही टोकांवर वाट्या बसविलेल्या असतात आणि वाट्यांत सुयांसारखे बारीक रोलर. गंमत अशी, की हे रोलर चाकाच्या बेअरिंगप्रमाणे पूर्ण फिरत नाहीत. काही अंशांतच मागेपुढे हलतात. साहजिकच ठरावीक जागेवरचे ग्रीस दाबाने बाजूला सरकते, धातूवर धातू घासतो आणि क्रॉसवर सुयांचे चर उमटतात. वाटीभोवती तांबूस भुकटी दिसू लागली, अथवा रिव्हर्स गिअर टाकताना खालून ‘टण्ण’ असा आवाज येऊ लागला, की ग्रीस संपल्याचे समजावे. वेगात गाडी थरथरू लागली असेल, तर प्रकरण बरेच पुढे गेलेले असते.

जुन्या जीपच्या बाबतीत याला आणखी एक गंभीर बाजू आहे. मुंबईत महिंद्रने १९४७ पासून ज्या विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या घडणीच्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर लागतो. म्हणजे मागचा शाफ्ट निखळला, तर इंजिनाचा रोध आणि हँडब्रेक दोन्ही एकाच क्षणी नाहीसे होतात. पुढचा गिअर लावलेला नसेल, तर चालकाच्या हाती केवळ पायाचा ब्रेक उरतो. त्यातच शाफ्टचे पुढचे टोक सुटून रस्त्यात रुतले, तर गाडी मागून उचलली जाण्याचाही संभव असतो.

मग निपल मिळत का नाही? वास्तविक निपल ही वस्तू सर्वत्र सारखीच भासते. तिच्या डोक्याचा आजचा आकार ऑस्ट्रियात जन्मलेले संशोधक ऑस्कर झर्क यांच्या नावाशी निगडित असून, त्यांना अमेरिकेत १९२९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. अमेरिकेत आजही निपलला ‘झर्क’च म्हणतात. डोके सारखे असले तरी खालचे आटे मात्र देशोदेशींचे. अमेरिकी घडणीच्या जुन्या गाड्यांत बहुधा पाव इंची, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत दोन सुती आणि इंचाला २८ आट्यांचे निपल असते. आपल्याकडील दुकानांत सहज मिळते ते ६, ८ किंवा १० मिलिमीटरचे. दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर. हा तिसरा हिस्सा मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही, पण सारा घोटाळा तोच करतो. सहाचे निपल दोन सुती छिद्रात सैल बसते आणि ग्रीसगनचा दाब येताच बाहेर उडते. उलट प्रकारात ते एक-दोन आट्यांत अडकते. आणखी जोर केला की क्रॉसचे आटे जातात. शिवाय पाइपाचे एक सुती आटे निराळेच. नाव एक सुताचे असले, तरी बाहेरचा व्यास जवळजवळ पावणेदहा मिलिमीटर भरतो! त्यामुळे ते दहाच्या निपलात बेमालूम मिसळतात.

यावर एक बिनखर्ची उपाय आहे. दहा नंबरचा पाना लागणारा साधा सहा मिलिमीटरचा बोल्ट घ्यावा आणि जुन्या निपलचे आटे त्याच्या आट्यांवर टेकवून उजेडात धरावेत. दोन्ही तंतोतंत बसले, तर निपल मिलिमीटर मापाचे. सहा, आठ आणि दहा या तिन्ही निपलांच्या आट्यांतील अंतर सामान्यतः एक मिलिमीटरच असते, म्हणून एकच बोल्ट तिन्हींना चालतो. चार-पाच आट्यांनंतर फट दिसू लागली, तर निपल इंची मापाचे समजावे. मग व्हर्निअरने व्यास मोजून मापासह दुकानात जावे. नुसते ‘जीपचे निपल द्या’ म्हटले, की दुकानदार अख्खा क्रॉस सेट पुढे करतो. एखाद्या सुट्या निपलासाठी मुंबईतील नागदेवी स्ट्रीटसारखा हार्डवेअरचा बाजार अधिक उपयोगी पडतो.

माप जुळले तरी उंची पाहणे विसरू नये. क्रॉस दोन योकांच्या बेचक्यात फिरतो. उंच निपल योकावर आपटते आणि पहिल्याच फेरीत तुटते. जागा अपुरी असेल, तर बुटके अथवा ४५ वा ९० अंशांत वळलेले निपल घ्यावे. बसविल्यावर मागचे एक चाक जमिनीपासून उचलून, गिअर न्यूट्रल करून शाफ्ट हाताने पूर्ण फिरवून पाहावा. अर्थात, त्याआधी बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावलेली हवी, कारण गिअर काढला की गाडीला धरून ठेवणारे काही उरत नाही.

जुने निपल काढण्यापूर्वी भोवतीची माती रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ करावी. अन्यथा तीच आत जाते. निपल छिद्रातच तुटले असेल, तर गंजतेल सोडून काही तास थांबावे आणि उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरावा. गॅसची ज्योत नको, कारण उष्णतेने वाट्यांची सीले जळतात. टॅप फिरवावाच लागला, तर त्यावर भरपूर ग्रीस थापावे, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो. नवे निपल बहुधा निमुळत्या आट्यांचे असते. ते हाताने लावून पान्याने जेमतेम आवळावे.

योग्य निपल मिळेपर्यंत छिद्रात पूर्ण बुडणारा बिनडोक्याचा स्क्रू बसविता येतो. काही वाहनांत मुळातच असे बूच असते आणि ग्रीस भरण्यापुरते निपल लावतात. छिद्र मोठे करून जाडे निपल बसविण्याची युक्ती मात्र टाळावी. क्रॉस आतून आधीच पोकळ असतो. तिथले पोलाद आणखी कमी करणे परवडणारे नाही. वेल्डिंगने छिद्र बुजविणे तर त्याहून वाईट.

काम नीट झाले की नाही, हे ग्रीसच सांगते. गन दाबत राहावे. आधी काळे-तांबूस आणि मग स्वच्छ ग्रीस चारही वाट्यांच्या सीलमधून डोकावले पाहिजे. तिन्हींतून आले आणि चौथीतून नाही, तर शाफ्ट थोडा हलवून पुन्हा दाबावे. तरीही ती कोरडीच राहिली, तर दोष निपलात नसून आतल्या मार्गात आहे. अशा वेळी क्रॉस उतरवावा. तो उतरविण्याआधी शाफ्ट आणि फ्लँजवर खुणा करून ठेवाव्यात आणि सुयांचे चर नखाला लागत असतील, तर दुकानदाराने पुढे केलेला तो अख्खा सेट निमूटपणे घ्यावा.