चारित्र्य म्हणजे नेमकं काय हो?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटात नवी खजिनदार निवडायची होती. माझ्या मनात एकच नाव होतं. चार वर्षांत तिचा एकही हप्ता चुकलेला नाही. एकदा बँकेतून पाचशेची नोट जास्त आली, तर भर उन्हात परत द्यायला गेली. त्या दिवशी ती कामावर होती. मी तिचं नाव घेतलं, तशा एक काकू हळूच म्हणाल्या, "हिशेबाला चोख आहे गं, पण तिचं चारित्र्य..."

नवऱ्यापासून वेगळी राहते आणि शेवटच्या एसटीनं घरी येते, एवढाच काय तो तिचा गुन्हा! सगळ्या गप्प बसल्या. मीसुद्धा. निवड पुढच्या बैठकीवर गेली.

घरी भांडी घासताना तो शब्द काही डोक्यातून जाईना. शेवटी शब्दकोश काढला. 'चारित्र्य' आलाय 'चर्' या संस्कृत धातूपासून. चर् म्हणजे चालणं, वागणं. म्हणजे माणसाची सगळी वागणूक, तेच चारित्र्य. दिलेला शब्द पाळणं, दुसऱ्याच्या पैशाला हात न लावणं, खोटं न बोलणं, सगळं त्यात आलं. पुरुषाला 'चारित्र्यवान' म्हणताना आपण हेच बघतो ना? बाईचं मात्र ती किती वाजता घरी आली आणि कुणाशी बोलली, इथंच येऊन थांबतं.

ही नुसती शब्दांची गंमत नाही, मैत्रिणींनो. १८७२च्या पुरावा कायद्यात एक कलम होतं. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार बाई 'अनैतिक चारित्र्याची' आहे असं दाखवून तिची साक्ष पाडायची मुभा त्यात आरोपीला होती. ते काढून टाकायला २००२ साल उजाडलं! पुढे २०१३च्या दुरुस्तीनं स्पष्टच केलं, की तिची संमती होती का, हे ठरवताना तिचं चारित्र्य काढायचं नाही. कायदा बदलला, आपली जीभ कधी बदलणार?

पुढच्या बैठकीत मी तिचं पासबुक काकूंसमोर ठेवलं. म्हटलं, "काकू, हे तिचं चार वर्षांचं चारित्र्य. कुठं खोट दिसली तर सांगा." काकूंनी पानं उलटली, बोलल्या काहीच नाहीत. ठराव मात्र झाला.

तुमच्याकडेही कुणी असं कुजबुजलं, तर एवढंच विचारा, "तिनं कुणाचं काय बुडवलंय?"