लुनाचा दट्ट्या का अडकला?

काही वर्षांपूर्वी गोंदियात मी एक जुनी लुना विकत घेतली. लहानपणी वडिलांच्या लुनावर मागे बसून मी शाळेत जात असे. त्या ओढीनेच हा सौदा झाला. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली बाजारात आणलेली ही पेडलची, ५० सी.सी. इंजिनाची गाडी एके काळी गावोगावी दिसे.

मी आधी रंग दिला, टायर बदलले, सीट शिवून घेतली. गाडी नव्यासारखी दिसू लागली. पण गोरेगावच्या रस्त्यावर सात-आठ किलोमीटर जातो न जातो तोच इंजिन अडकले. मिस्त्रीने सिलिंडर उघडला, तेव्हा दट्ट्यावर उभे ओरखडे पडलेले दिसले. तो म्हणाला, "सर, रंगाच्या आधी सील बदलायला पाहिजे होतं."

सीलचा आणि दट्ट्याचा काय संबंध?

लुनाचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याच्या दोन धावांत चक्र पूर्ण करणारे असते. यात दट्ट्याखालची पेटी, म्हणजे क्रँककेस, पंपाचे काम करते. दट्ट्या वर गेला की पेटीतील दाब घटतो आणि कार्बुरेटरमधून पेट्रोल व हवेचे मिश्रण आत येते. दट्ट्या खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. म्हणून ही पेटी हवाबंद हवी. क्रँकचा दांडा जेथून बाहेर पडतो, तेथे रबरी कडी बसवलेली असते. तीच ऑइल सील.

गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हे रबर कडक होते, तडकते. मग तेथून जादा हवा आत शिरते व मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते. या इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. त्यामुळे वंगणही कमी पडते आणि इंजिन भलतेच तापते.

आता थोडे गणित करू. ॲल्युमिनियमचा एकरेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००२३, तर बिडाचा ०.००००११ आहे. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, सिलिंडर बिडाचा आणि व्यास ४० मिलिमीटर धरा. दोन्ही १०० अंशांनी तापले, तर दट्ट्या ०.०९२ आणि सिलिंडर ०.०४४ मिलिमीटर वाढेल. फरक जवळजवळ ०.०५ मिलिमीटर! दोहोंमधली फट मुळातच मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. त्यात दट्ट्या सिलिंडरपेक्षा अधिक तापतो. मग तो अडकणार नाही तर काय?

म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन व चासीचे क्रमांक आर.सी. बुकाशी ताडून पाहा. इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर सोडा. वेग लवकर उतरत नसेल, तर हवा गळत असल्याचा संशय घ्या. दुरुस्तीत आधी सील, मग कार्बुरेटर, रंग सर्वांत शेवटी.

माझा दट्ट्या बदलावा लागला, सिलिंडर बोअर करावा लागला. जुना दट्ट्या मात्र मी टाकला नाही. प्रसरणाचा धडा शिकवताना आता तो वर्गात हातोहात फिरतो.