विश्लेषण : मुखकर्करोगावरील ‘सिस्प्लॅटिन’ डीएनएला गाठ कशी मारते?

सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा बल्लारपूरच्या कोणत्याही पानठेल्यावर मिळतो. चंद्रपूर-गडचिरोलीत मुखकर्करोगाचे ते मोठे कारण आहे. आजार पुढच्या टप्प्यात गेला की किरणोपचारासोबत अनेकदा ‘सिस्प्लॅटिन’ दिले जाते. हे औषध नेमके काय करते?

डीएनए उलगडावा का लागतो?

डीएनए म्हणजे एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन साखळ्या. अ‍ॅडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन अशा त्यांच्या जोड्या असतात. हे बंध सैल असल्याने पेशी विभागण्यापूर्वी साखळ्या सुट्या होतात आणि प्रत्येकीची प्रत निघते.

सिस्प्लॅटिन काय बिघडवते?

या रेणूत प्लॅटिनमच्या अणूला दोन क्लोरीन आणि दोन अमोनिया जोडलेले असतात. रक्तात क्लोराइड भरपूर असते, त्यामुळे तिथे औषध बरेचसे शांत राहते. पेशीत क्लोराइड कमी असल्याने क्लोरीन सुटतात आणि प्लॅटिनम ग्वानिनला पक्के चिकटते. बहुतेक वेळा ते एकाच साखळीतील शेजारचे दोन ग्वानिन बांधते. काही वेळा मात्र दोन्ही साखळ्याच एकमेकींना जखडते. तेव्हा जोडीदार सायटोसिन बाहेर फेकले जातात, पीळ उलगडतो आणि डीएनए तिथे सुमारे 45 अंशांनी वाकतो. साखळ्या सुटत नाहीत, प्रत अडते आणि पेशी मरते.

पेशी ही गाठ सोडवत नाही का?

सोडवते, पण दोन्ही साखळ्या बिघडल्याने काम अवघड असते. ‘फॅन्कोनी अ‍ॅनिमिया’ या आनुवंशिक आजारात ही दुरुस्ती यंत्रणाच सदोष असते. अशा रुग्णांना हे औषध नेहमीच्या मात्रेत धोक्याचे ठरते.

मात्रेचा वाद काय?

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके-मानेच्या कर्करोगाच्या 300 रुग्णांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराच्या दर चौरस मीटरमागे तीन आठवड्यांनी 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत दोन वर्षांनी 73.1 टक्के रुग्णांचा आजार मूळ जागी व मानेत आटोक्यात होता. दर आठवड्याला 30 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत 58.5 टक्के. मोठ्या मात्रेचा त्रासही जास्त होता. पुढे जपानमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत आठवड्याला 40 मिलिग्रॅमची मात्रा मोठ्या मात्रेपेक्षा कमी ठरली नाही.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

निरोगी आणि रोगी पेशी हे औषध ओळखत नाही. मूत्रपिंड आणि कानाला इजा होऊ शकते, म्हणून सलाइन व रक्त तपासणी टाळू नये. कानात आवाज येऊ लागल्यास किंवा लघवी कमी झाल्यास लगेच सांगावे. नागपूरच्या फेऱ्या परवडत नसतील, तर तारीख चुकवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. तोंडात दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा असेल, तर तपासणी लगेच करावी.