दोन हिवाळे : याकुत्स्क आणि जैसलमेर

प्राथमिक शाळेत भूगोल शिकविताना 'थंड प्रदेशातील जीवन' आणि 'वाळवंटातील जीवन' हे दोन पाठ बहुधा एकापाठोपाठ घेतले जातात. फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढली जाते. एका बाजूस बर्फ, कातडी कपडे, बंद घरे. दुसऱ्या बाजूस वाळू, उंट, ऊन. मुले ही यादी वहीत उतरवून घेतात व परीक्षेत बिनचूक लिहितात. तक्ता खोटा नसतो; परंतु याच वर्गाला 'वाळवंटात थंडी पडते का?' असे विचारून पाहावे. वर्ग गप्प होतो, आणि एखादा धीट मुलगा 'नाही, गुरुजी' असे ठासून सांगतो. 'थंड प्रदेशात पाऊस कमी की जास्त?' या प्रश्नाला 'जास्त, कारण तेथे बर्फ पडतो' असे उत्तर येते. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दोन्ही त्या तक्त्यातूनच जन्मलेली आहेत. ही चूक कोठून येते हे पाहावयाचे असेल तर 'प्रदेश' हा मोघम शब्द बाजूस ठेवून दोन प्रत्यक्ष शहरे शेजारी ठेवावी लागतील.

रशियाच्या सैबेरियात, लेना नदीच्या काठी, ६२ उत्तर अक्षांशावर याकुत्स्क हे शहर आहे. १६३२ साली एका लहानशा किल्ल्यापासून ते सुरू झाले. आज तेथे तीन लाखांहून अधिक लोक राहतात. दुसरे शहर आपल्याच देशातील, राजस्थानच्या पश्चिम टोकाचे जैसलमेर. त्याची स्थापना ११५६ सालची मानतात, आणि ते २७ उत्तर अक्षांशाच्या जवळपास आहे.

आता या दोन शहरांचा वर्षाचा पाऊस पाहावा. जैसलमेरचा सुमारे २०० मिलिमीटर, आणि याकुत्स्कचा, वितळलेले हिम धरून, सुमारे २४० मिलिमीटर. आपल्याकडे दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माण-आटपाडीच्या भागातही पाचशेच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे ही दोन्ही शहरे आपल्या दुष्काळी गावांहूनही कोरडी आहेत. याकुत्स्कला हिमाचा थर फारसा जाड नसतो. हिवाळाभर मिळून गुडघाभर हिम साचते. पण ऑक्टोबरात पडलेले हिम एप्रिलपर्यंत वितळतच नाही, म्हणून चित्रात सर्वत्र पांढरे दिसते. टिकून राहिले म्हणजे पुष्कळ पडले असे नव्हे, हा भेद मुलांच्या सहज ध्यानात येत नाही.

पाऊस जवळजवळ सारखा. तरीही जैसलमेरभोवती वाळू, खडक आणि तुरळक खेजडी, तर याकुत्स्कभोवती मैलोन् मैल पसरलेले लार्च वृक्षांचे अरण्य आणि असंख्य तळी. हे कसे? जैसलमेरला वर्षातील बहुतेक महिने सूर्य आणि कोरडा वारा जमिनीतील ओल ओढून घेत असतात. जेवढे पाणी आकाशातून पडते त्याच्या कित्येक पट पाणी वाफ होऊन जाऊ शकेल, एवढी तेथील हवेची तहान असते. याकुत्स्कला उन्हाळा लहान, म्हणून बाष्पीभवन थोडे. शिवाय पाणी खालीही जाऊ शकत नाही, कारण जमीन काही शे मीटर खोलीपर्यंत बारमाही गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा एक-दोन मीटरचा थर तेवढा सैल होतो. त्याच्याखाली जणू दगडी फरशी असल्याने पावसाचा थेंब अन् थेंब मुळांच्या आवाक्यात राहतो, आणि लार्च आपली मुळे खोल न धाडता आडवी पसरतो.

ही जमीन किती खोलवर गोठलेली आहे याची कल्पना एका विहिरीने आली. याकुत्स्क येथे एका व्यापारी कंपनीचा कारभारी असलेला फ्योदोर शेर्गिन याने १८२८ साली पाण्यासाठी विहीर खणावयास घेतली. पाणी लागेना, आणि गोठलेली माती काही संपेना. १८३७ पर्यंत खणती ११६ मीटर खोल गेली, तरी तळाशी माती गोठलेलीच होती. पुढे १८४४ साली मिडेनडोर्फ या संशोधकाने त्याच विहिरीत निरनिराळ्या खोलीवर तापमान मोजले, आणि जमीन किती खोलवर गोठलेली असू शकते याचा पहिला शास्त्रीय अंदाज जगाला आला. ज्यांच्या गावी पन्नास-साठ फुटांवर पाणी न लागल्याने विहीर सोडून दिलेली आहे, त्या मुलांना ही हकीकत जरूर सांगावी. तिच्याशी त्यांची ओळख तत्काळ पटते.

तापमानाकडे वळले असता आणखी एक गोष्ट दिसते. याकुत्स्कचे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३८ अंश सेल्सिअसच्या जवळपास असते, आणि जुलैचे अधिक १९ ते २०. हिवाळा व उन्हाळा यांत जवळजवळ ५८ अंशांची दरी! समुद्र दूर असल्याने उष्णता साठवून ठेवणारे काहीच जवळ नाही, आणि हिवाळ्यात जड, थंड हवा मैदानावर स्थिर बसून राहते. मात्र तेथे जानेवारीत पहाट आणि दुपार यांच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. सूर्यच डिसेंबरअखेर जेमतेम पाच तास वर असतो. जैसलमेरची रीत उलटी. तेथे जानेवारीत दुपारी २३-२४ अंश, तर पहाटे ७-८ अंश, आणि एखाद्या रात्री पारा शून्याच्या जवळ उतरतो. हवा कोरडी, आकाश निरभ्र, म्हणून दिवसा तापलेली वाळू व खडक रात्री आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडून देतात. एके ठिकाणी मोठा फरक ऋतूऋतूंत, दुसरीकडे दिवस-रात्रींत.

'पारा उतरतो' हा आपला वाक्प्रचार याकुत्स्कला चालावयाचा नाही. पारा स्वतःच उणे ३९ अंशांच्या सुमारास गोठतो. तेथे मद्यार्काची तापमापके वापरावी लागतात. अशा थंडीत माणसांचा श्वास, मोटारींचा धूर व चिमण्यांची वाफ यांचे क्षणात हिमकण बनून शहरावर दाट धुके बसते आणि काही पावलांपलीकडचे दिसेनासे होते. उघड्या हाताने लोखंडाला स्पर्श केला तर कातडी चिकटते. मोटारी उबदार गॅरेजात ठेवतात, नाहीतर इंजिन बंदच करीत नाहीत. बाजारात गोठलेले मासे लाकडाच्या ओंडक्यांसारखे उभे करून विकावयास ठेवलेले असतात. बर्फपेटीची गरजच नाही. तरीही लोक घरांत कोंडून बसलेले नसतात. शाळा एक सप्टेंबरला सुरू होते आणि अभ्यासाचा मुख्य काळ हिवाळ्यातच येतो. उणे ४५ अंशांच्या सुमारास लहान वर्गांना घरी राहण्याची मुभा मिळते. मोठ्या मुलांची शाळा थंडी त्याहून वाढेपर्यंत भरते. नाक-तोंड लोकरी पट्ट्याने झाकून, अंधारातच शाळेत जाणारे हे विद्यार्थी आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहेत; परंतु 'बिचारे' म्हणून सांगू नयेत.

तेथील घरांची गोष्ट मोठी विचार करावयास लावणारी आहे. घर आतून गरम ठेवावे तर त्याची ऊब खालच्या गोठलेल्या जमिनीत उतरून ती वितळणार, आणि पाया खचणार. म्हणून मोठ्या इमारती जमिनीत खोल रोवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर उभ्या करतात आणि खाली मोकळी जागा सोडतात. त्या जागेतून थंड वारा खेळतो आणि जमीन गोठलेलीच राहते. पाण्याचे व उष्णतेचे नळही याच कारणाने जमिनीवरून जातात, उष्णतारोधक वेष्टणात गुंडाळलेले. जुन्या काळी तेथील साखा लोक हिवाळ्यासाठी कललेल्या ओंडक्यांचे घर बांधीत, त्याला माती व गाईचे शेण यांचा जाड गिलावा देत, आणि खिडकीस काचेऐवजी बर्फाचे तावदान बसवीत. शेणाने सारवलेली भिंत सैबेरियातही असते, हे ऐकून आपल्या खेड्यांतील मुलांना जे नवल वाटेल ते कोणत्याही तक्त्याने वाटणार नाही.

हिवाळ्यात जीवन थांबते हा समज तर तेथे अगदीच खोटा ठरतो. उन्हाळ्यात याकुतियातील वरची जमीन चिखल होते आणि दूरच्या खेड्यांना जाण्यास रस्ता राहत नाही. लेना गोठली की नदी हाच रस्ता होतो. तिच्यावरील बर्फ दीड-दोन मीटर जाड होतो, त्यावरून मालमोटारी धावतात, आणि वर्षाचे धान्य व इंधन आतल्या गावांना हिवाळ्यातच पोचते. खेड्यांतून नोव्हेंबरच्या सुमारास तळ्यातील बर्फाच्या लाद्या कापून घरापाशी रचून ठेवतात. पाणी हवे तेव्हा एक लादी आत आणून वितळवितात. ती त्यांची पाण्याची साठवण.

जैसलमेरलाही हिवाळा हाच मोकळा काळ. मे-जूनमध्ये ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हासाठी तेथील जाड पिवळ्या दगडाच्या भिंती व अरुंद, सावलीच्या गल्ल्या रचलेल्या आहेत. थंडीच्या सकाळी लोक पट्टू नावाची हातविणीची लोकरी शाल पांघरून बाहेर उन्हात बसतात. प्रवासी याच दिवसांत येतात, माघ पौर्णिमेच्या सुमारास मरूत्सव भरतो. पण शेतीची गोष्ट सर्वांत मोलाची. जैसलमेरच्या परिसरात खडकाळ उतार पुष्कळ आहेत. पावसाळ्यातील थोडके पाणी त्या उतारांवरून वाहत सखल भागात येते, आणि तेथे मातीचा लांब बांध घालून ते अडवितात. याला खडीन म्हणतात. पंधराव्या शतकापासून पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत त्या भागात वाढविली. पाणी साचते, जिरते, बरोबर गाळ आणते; आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या ओलीवर गहू-हरभरा पेरला जातो. दोनशे मिलिमीटर पावसात गव्हाचे शेत! कारण शेत स्वतःपुरताच पाऊस घेत नाही, आपल्याहून कितीतरी मोठ्या खडकाचा पाऊस गोळा करून घेते. ज्या शिक्षकांच्या गावी काळ्या जमिनीतील ओलीवर रब्बी ज्वारी येते, त्यांना यातील मर्म समजावून सांगण्यास शिवाराबाहेर जावे लागणार नाही.

अन्न टिकविण्याची युक्तीही हवेनेच शिकविलेली आहे. याकुतियात मासे, रानफळे, दूधसुद्धा गोठवून ठेवतात. जैसलमेरात खेजडीच्या शेंगा, म्हणजे सांगरी, आणि केर ही फळे उन्हात वाळवून वर्षभर पुरवितात. दोन्हीकडे तत्त्व एकच: नासविणाऱ्या सूक्ष्म जीवांना पाणी मिळू द्यावयाचे नाही.

ही दोन्ही जीवने जशीच्या तशी राहिलेली नाहीत, आणि शिक्षकांनी जुनी चित्रे आजची म्हणून दाखवू नयेत. हवामान तापत असल्याने याकुतियात जमीन पूर्वीहून खोलवर वितळू लागली आहे. घरांना तडे जातात, रस्ते खचतात. राजस्थानात १९५८ साली काम सुरू झालेल्या व आता इंदिरा गांधी यांचे नाव असलेल्या कालव्याने पंजाबातील नद्यांचे पाणी जैसलमेर जिल्ह्यापर्यंत आणले. त्याने पिके वाढली. तथापि काही भागांत खाली कठीण थर असल्यामुळे पाणी साचून जमीन खारावली. पाणी खाली न जाणे याकुत्स्कच्या अरण्याला जगविते, आणि तेच येथे शेताला मारते. बाष्पीभवन निराळे, म्हणून परिणाम निराळा.

थंड प्रदेश आणि वाळवंट यांच्यामध्ये फळ्यावर ओढलेली रेघ पक्ष्यांना ठाऊक नसते. मंगोलिया व मध्य आशियातील गवताळ मैदानांवर पिले वाढविणारे करकोचे हिवाळा येताच हिमालय ओलांडून राजस्थानात उतरतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. फलोदीजवळच्या खीचन गावचे लोक त्यांना रोज दाणा घालतात, आणि सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तेथे हजारोंचे थवे दिसतात. ज्याला आपण वाळवंट म्हणून टाळतो, ते त्यांचे हिवाळ्यातील ऊबदार घर असते.

हा पाठ घेताना एक साधा प्रयोग करावा. चार रिकामे डबे घ्यावेत. दोहोंच्या बुडाला खिळ्याने भोके पाडावीत, दोहोंचे बूड शाबूत ठेवावे. सर्वांत सारखी कोरडी माती भरून प्रत्येकी एक पेला पाणी घालावे. भोके पाडलेला एक आणि शाबूत एक असे दोन डबे उन्हात, उरलेले दोन सावलीत ठेवावेत. दोनच डबे घेऊन काम उरकण्याचा मोह होतो. परंतु मग ऊन आणि बूड या दोहोंपैकी कोणामुळे काय घडले हे मुलांना सांगता येणार नाही. रोज सकाळी प्रत्येक डब्यातील माती बोटाने चाचपून पाहावी, आणि कोणती माती कोणत्या दिवशी वाळली याची नोंद वर्गाच्या वहीत मुलांनीच ठेवावी.