जुने पिंजरे आणि नवे रहिवासी

धानोरा तालुक्यात मोहफुले वेचावयास पहाटे निघणाऱ्या माणसाला अस्वलाविषयी एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही की दर्शन द्यावयाचे की झाडोऱ्यात निघून जावयाचे, हे ठरविण्याचा अखत्यार सर्वस्वी त्या प्राण्याचा आहे. जुन्या प्राणिसंग्रहालयांच्या इमारतींनी त्याचा नेमका हाच अखत्यार काढून घेतला. १८६२ साली खुल्या झालेल्या मुंबईच्या राणीच्या बागेतही पुढे दीर्घकाळ गजांच्या कोठड्या होत्या. फरशी धुण्यास सोपी, आडोसा नाही, आणि समोर गर्दी! १९०७ साली हांबुर्गजवळ कार्ल हागेनबेक याने गजांच्या जागी खंदक योजून निराळा मार्ग दाखविला खरा, परंतु उभ्या इमारती काही एका दिवसात नाहीशा होत नाहीत.

त्यांचे करावे काय, या प्रश्नाची दोन उत्तरे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उभी आहेत. लुबेटकिन या वास्तुशिल्पज्ञाने १९३४ साली पेंग्विनांसाठी बांधलेला, काँक्रीटच्या वळणदार उतरणींचा तलाव स्थापत्यकलेचा नमुना म्हणून जगभर वाखाणला गेला. मात्र पक्ष्यांच्या पायांस तो मानवला नाही आणि २००४ साली त्यांना तेथून हलवावे लागले. कायद्याने संरक्षित असल्यामुळे तो पाडता येत नाही, आणि पेंग्विनांना परत आणणे हिताचे नाही. याउलट १९६५ सालच्या उत्तुंग पक्षिगृहाचा सांगाडा राखून, जाळी नवी घालून, ते २०२२ साली कोलोबस माकडांच्या स्वाधीन करण्यात आले. झाडांच्या शेंड्यांवर राहणाऱ्या या जातीला हवी असलेली उंची तेथे आयतीच होती, आणि प्रेक्षक आता त्यांच्या राज्यातूनच खालून वाट काढतात. इमारतीस साजेसा प्राणी शोधावा, प्राण्यास इमारतीत कोंबू नये, एवढाच विवेक तेथे दाखविला गेला.

पुण्यात पेशवे उद्यानातील जनावरे कात्रजला नेऊन प्रश्न सोडविला गेला. राणीच्या बागेत गजांच्या जागी काचेचे दर्शनकक्ष आले. काच मला गजांहून बरी वाटते, तरी तिच्यावर बोटे आपटणाऱ्यांचा बंदोबस्त ती करीत नाही. जागेची टंचाई असलेल्या जुन्या संग्रहालयाने लगतच्या कोठड्यांमधील भिंत काढून त्या एकाच प्राण्यास द्याव्यात, एक अंधारा आडोसा राखावा, प्रेक्षकांसाठी एकाच बाजूस झरोके ठेवावेत, आणि प्राणी दिसला नाही म्हणून तिकिटाचे पैसे परत मागणाऱ्यास सविनय नकार द्यावा.