तिथीची पाऊणपट

गेल्या माघातली गोष्ट. शुद्ध षष्ठी होती. आठ वर्षांच्या नातवाचे बोट धरून मी अलिबागच्या किनाऱ्यावरून चालतच कुलाबा किल्ल्याकडे निघालो. सकाळचे साडेदहा, पाणी पुरते ओसरलेले. आत गणपतीचे दर्शन झाले, गोड्या पाण्याची पुष्करणी पाहिली. तटावरच्या तोफांपाशी नातू रमला. परत दरवाजात आलो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि आमची वाट समुद्राने परत घेतली होती.

जवळच जाळे आवरणाऱ्या एका वृद्ध कोळीबाबांनी एवढेच विचारले, ‘‘तिथ बघून निघालात का?’’ मग नातवाला खांद्यावर घेऊन, माझा हात धरून, कमरेएवढ्या पाण्यातून त्यांनी आम्हाला पार केले. भीतीपेक्षा लाज अधिक वाटली. कारण उत्तर मला ठाऊक होते.

आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे वडिलांनी शिकवले होते. षष्ठी म्हणजे सहाची पाऊणपट, साडेचार. त्याआधी सहा तास, साडेदहाला, पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज मागे सरते. पाऊण तासाचा हिशेब त्याच्या जवळपास बसतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. गंमत अशी की, उधाणाला घाबरावे, पण पाणी सर्वांत दूर हटते तेही उधाणाच्याच ओहोटीला. भांगाला ते ना फार चढते, ना फार उतरते.

शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षी, १६८० मध्ये, या किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे बनला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी तो पडला नाही. तटाचे प्रचंड चिरे चुन्याविना रचलेले आहेत. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. समुद्राशी भांडायचे नाही, त्याचा स्वभाव ओळखून वागायचे, हे त्या गवंड्यांना कळले होते. दिवसातून दोनदा खंदक भरणारा असा पहारेकरी दुसरा कुठला?

२०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले, आनंद झाला. दगडांची काळजी आता घेतली जाईल. पण कोळीवाड्यातला हा तोंडी हिशेबही वारसाच आहे, आणि तो कुठल्या यादीत जाणार? मोबाइलवर भरतीची वेळ मिळते, हे खरे. पण ती पाहायची आठवण कोण करून देणार? माझ्याही खिशात त्या दिवशी मोबाइल होताच.

घरी आल्यावर नातवाला पाऊणकी शिकवली. दिवाळीत पुन्हा किल्ल्यावर जायचे म्हणतो. दिवस त्यानेच ठरवला आहे: भाऊबीज, सकाळी साडेसातची ओहोटी.